चार जाती मोजल्या, तीनच निघाल्या

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कडधान्यातला भुंगेरा निवडला, तो निव्वळ आळसापोटी. नमुन्यांसाठी रानोमाळ हिंडायला नको, अमळनेरच्या आमच्या घरात मटकीच्या डब्यातच सापडेल, हा हिशोब. सापडलाही. पण तो नेमका कोणता, हे ठरवायला आठ महिने लागले.

अमळनेर, चोपडा, शिरपूर, धुळे इथल्या ओळखीच्या घरांतून मूग, चवळी, मटकी अशी ओंजळ-ओंजळ किडकी कडधान्यं जमवली. बायका म्हणायच्या, "किडकं काय नेतेस, चांगलं ने की!" पत्र्याच्या खोलीत फळीवर बरण्या लावल्या आणि तोंडाला मलमल बांधली. आईने एकदा डोकावून पाहिलं. "आम्ही जनमभर किडा निवडात, अन् तू त्यासले पाळी ऱ्हायनी?"

आईच्या लेखी हे सगळे सोंडे. ज्वारी-तांदळातल्या किड्याला खरोखरच सोंड असते, यांना नसते, हे मी तिला ऐटीत सांगितलं. मग पुस्तक उघडलं, तर १७५८ साली खुद्द लिनेयसने, म्हणजे जीवांना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्यानेच, यातल्या एका जातीला सोंड्यांच्याच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) बसवलेलं. पुढे ती ब्रुकस या प्रजातीत गेली आणि शेवटी १९०२ साली पिक नावाच्या कीटकतज्ज्ञाने मांडलेल्या कॅलोसोब्रुकस या प्रजातीत आली. जातीच्या नावापुढे ते नाव पहिल्यांदा देणाऱ्याचं नाव लिहितात; प्रजाती बदलली, म्हणून कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस लिहिताना लिनेयसचं नाव कंसात घालायचं. या कंसावरून माझा पहिला मसुदा परत आला होता. वरचं कुळही बदललेलं. जुन्या पुस्तकांत ब्रुकिडी हे स्वतंत्र कुळ. आता त्याला पानभुंगेऱ्यांच्या कुळातलं उपकुळ मानतात. आमच्या ग्रंथालयात दोन्ही काळांतली पुस्तकं शेजारी-शेजारी उभी, त्यामुळे गोंधळ आयताच मिळाला.

प्रजातीत सुमारे वीस जाती, बहुतेक आशिया-आफ्रिकेतल्या. माझ्या बरण्यांत तीन दिसत होत्या. चायनेन्सिस ओळखायला सोपा. नराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, कंगव्यासारख्या, आणि मानेमागच्या ढालीच्या कडेला मधोमध दोन पांढरे उंचवटे. उरलेले दोन, मॅक्युलेटस आणि अ‍ॅनालिस, यांनी मात्र रडवलं. जेमतेम तीन मिलिमीटरचा किडा, त्याची मागची मांडी चिमट्याने वळवायची आणि खालच्या कडेचे दात बघायचे. मॅक्युलेटसला आतला आणि बाहेरचा असे दोन्ही दात ठळक. अ‍ॅनालिसचा आतला दात इतका बारीक, की नाहीच म्हणा. पहिल्या आठवड्यात दात बघण्याआधी मांड्याच तुटत होत्या. या दोघांत नुसती मीच फसले असं नाही. १९५७ साली साउथगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही वेगळ्या जाती असल्याचं नीट मांडेपर्यंत एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर पडत होत्या.

मग परीक्षा आली. चवळीची एक बरणी तशीच राहिली, ऐन मे महिन्यात, पत्र्याखाली. महिन्याभरात पुढची पिढी निघते, तेव्हा आत काय गर्दी झाली असेल! मलमल सोडली आणि किडे भुर्रकन खिडकीकडे उडाले. एरवी हे आळशी, बोट लावलं तर पाय आवळून पडून राहणारे. हे रंगाने गडद, अंगावर पांढरी लव जास्त. मला वाटलं, चौथी जात! रात्रभर बसून प्रकरण लिहिलं, तक्ता केला, चौथ्या डबीवर चिठ्ठीही लावली.

मॅडमनी तक्ता पाहून एवढंच विचारलं, "मांडी बघितलीस?"

नव्हती बघितली. रंग बघितला होता.

मांडी बघितली: दोन ठळक दात. तरी मन मानेना, म्हणून नराचं पोट वेगळं करून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केलं. मांस विरघळतं, कठीण भाग उरतात. ग्लिसरीनच्या थेंबात जननेंद्रिय सुईने सरळ केलं आणि साध्या मॅक्युलेटसच्या स्लाइडशेजारी ठेवलं. आतल्या पिशवीतले कठीण तुकडे हुबेहूब तेच. आधी मी डावी स्लाइड उजवीकडे ठेवली असेल म्हणून दोनदा चिठ्ठ्या तपासल्या.

मॅक्युलेटसला दोन रूपं असतात, हे तेव्हा वाचलं. दाण्यात अळ्यांची दाटी आणि उष्णता वाढली, की उडणारं रूप निघतं. अंडी कमी घालतं, पण दूर जाऊ शकतं. जपानमध्ये उतिदा यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं होतं. खानदेशच्या मे महिन्याने आणि माझ्या हलगर्जीपणाने तोच प्रयोग फुकटात केला होता.

आईला सांगितलं, की चौथी जात नव्हतीच. ती म्हणाली, "एकच बरनी व्हती ना? मंग दुसरा कोठून येतीन?" आठ महिन्यांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

चौथ्या डबीवरची चिठ्ठी खरडून काढली आणि नवी लावली: मॅक्युलेटस, उडतं रूप, चवळी, अमळनेर, मे. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ, जी परीक्षकांनी वाचली की नाही माहीत नाही: पत्र्याची खोली, बरणीत दाटी.