टाचेच्या हाडाची साक्ष

लुप्त झालेल्या आद्य नरवानरांविषयी, म्हणजे लेमूर, माकडे आणि माणूस ज्या गटात मोडतात त्या गटाच्या आरंभीच्या प्राण्यांविषयी, वाचू लागलो तेव्हा माझे सारे लक्ष कवट्यांकडे होते. मेंदू किती मोठा, डोळे कुठे, जबडा कसा, एवढेच प्रश्न महत्त्वाचे वाटत. हळूहळू लक्षात आले की या प्राण्यांच्या कुळाचा निवाडा पुष्कळदा नखाएवढ्या टाचेच्या किंवा घोट्याच्या हाडावर होतो, आणि ही हाडे नसली की जाणकारही चकतात.

अडचण अशी की दगडात टिकून राहतात ते मुख्यतः दात. दंतवल्क हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असल्यामुळे बाकीचा सांगाडा मोडून विखुरला तरी दाढा शाबूत राहतात. दाढांवरून आहाराचा अंदाज बांधता येतो. नात्याचा अंदाज मात्र फसू शकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिएने 1821 मध्ये पॅरिसच्या जिप्समच्या थरांतील एका जबड्याला ‘अ‍ॅडापिस’ हे नाव दिले, तेव्हा तो प्राणी त्याला जाड कातडीच्या, खुरांच्या जनावरांपैकी वाटला होता. तुलनात्मक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाच्या हातात मादागास्करच्या लेमूरसारखा नरवानर होता आणि त्याला तो ओळखता आला नाही, ही गोष्ट मला फार दिलासादायक वाटते.

‘पर्गेटोरियस’ची कथाही अशीच आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात सापडलेल्या, डायनासोर नष्ट झाल्यानंतर लगेचच्या काळातील या उंदराएवढ्या प्राण्याचे वर्णन 1965 मध्ये झाले. परंतु त्यानंतर पन्नास वर्षे तो आपल्याला केवळ दात आणि जबड्याचे तुकडे यांच्या रूपानेच माहीत होता. 2015 मध्ये त्याच्या घोट्याची म्हणून ओळखली गेलेली हाडे प्रसिद्ध झाली आणि त्यांतील सांधा असा निघाला की पाऊल निरनिराळ्या दिशांना वळवता यावे. जमिनीवर धावणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही. झाडाच्या खोडावरून चढउतार करणाऱ्याला मात्र तो फार मोठा. दाढांनी पन्नास वर्षांत जे सांगितले नव्हते, ते या दोन-चार मिलिमीटरच्या हाडांनी सांगितले.

नरवानर कशाला म्हणायचे, हा खरा वादाचा मुद्दा. पकड घेणारा, बाकी बोटांसमोर येणारा पायाचा अंगठा, नखरांऐवजी (अणकुचीदार, वाकड्या नखांऐवजी) सपाट नखे, समोर वळलेले डोळे आणि डोळ्याच्या खोबणीला बाहेरच्या बाजूने आधार देणारी हाडाची पट्टी ही त्याची नेहमी सांगितली जाणारी लक्षणे. ही सारी एकदम अवतरली, असे पूर्वी गृहीत धरले जाई. झाडावरच्या जीवनामुळे ती आली, हे जुने स्पष्टीकरण अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मॅट कार्टमिल यांनी 1970 च्या दशकात खोडून काढले. खारीही झाडावरच राहतात, पण त्यांचे डोळे बाजूला आणि बोटांना नखरे. उलट समोर रोखलेले डोळे मांजर आणि घुबड अशा शिकाऱ्यांना असतात. तेव्हा बारीक फांद्यांवर किडे पकडणारा पूर्वज त्यांनी कल्पिला.

हा तर्क मला अजूनही देखणा वाटतो. मात्र अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ‘कार्पोलेस्टीस’ने त्यात पाचर मारली. 2002 मध्ये वर्णिलेल्या त्याच्या सांगाड्यात पायाचा अंगठा पकड घेणारा आहे आणि त्यावर सपाट नख आहे. इतर बोटांना मात्र नखरेच आहेत, डोळे बाजूला आहेत, खोबणीला पट्टी नाही आणि उड्या मारण्याची काही खूणही नाही. म्हणजे पकड आधी आली आणि दृष्टी मागून. त्याला नरवानरांत बसवायचे की शेजारी ठेवायचे, यावर वाद चालू आहे. परंतु लक्षणे एका गाठोड्यात बांधून आली नाहीत, एवढे त्याच्या पायावरून दिसते.

याउलट जर्मनीतील मेसेल खाणीतला ‘डार्विनियस’. 1983 मध्ये सापडलेला, जवळजवळ संपूर्ण, केसांची छाया आणि पोटातले शेवटचे अन्नही जपणारा हा 4.7 कोटी वर्षांपूर्वीचा सांगाडा 2009 मध्ये मोठ्या गाजावाजाने जगापुढे आला. लेमूरसारखा दातांचा कंगवा नाही, केस विंचरायचे नखर नाही, म्हणून तो माकडांच्या शाखेजवळचा, असे सांगितले गेले. पण एखादे लक्षण नसणे हा नात्याचा पुरावा क्वचितच होतो. पूर्वजांतही ते नसू शकते. त्याच वर्षी इजिप्तमधील ‘अफ्राडापिस’च्या अभ्यासाने त्याला पुन्हा अ‍ॅडापिसच्या गटात नेऊन बसवले.

2013 मध्ये चीनच्या हूबेई प्रांतातून वर्णिलेल्या ‘आर्किसीबस’चे वजन जेमतेम 20 ते 30 ग्रॅम असावे. सुमारे 5.5 कोटी वर्षांपूर्वीच्या या जिवाचा बराचसा सांगाडा टार्सियरच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या मोठ्या डोळ्यांच्या चिमुकल्या नरवानराच्या, वळणाचा; टाच मात्र आखूड आणि रुंद, माकडांची आठवण देणारी. त्याच्या जातीचे नाव ‘अकिलीस’ ठेवले गेले ते त्यामुळेच.

गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइट खाणीतली हाडे मला या सर्वांत अधिक मोलाची वाटतात. ती सुमारे 5.45 कोटी वर्षांपूर्वीची, सुटी आणि दिसायला अगदी सामान्य आहेत. तिथल्या दाढा दोन वेगळ्या गटांच्या: ‘एशियाडापिस’ लेमूरकडच्या फांदीचा आणि ‘वस्तानोमिस’ टार्सियरकडच्या. पायांची हाडे मात्र इतकी सारखी आहेत की कुठले कुणाचे हे ठरवताना अभ्यासकांना सावध राहावे लागते. दोन्ही फांद्या खोडापासून नुकत्याच फुटल्या असाव्यात, अशी.