कारीवर ऑइलचं तापमान: 139 वरून 121 पर्यंत

ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्या मंडळींसाठी सिटीच्या कामाची ही पुढची नोंद. गाडी तीच, तिसऱ्या पिढीची होंडा सिटी, 1.5 आय-व्हीटेक, 118 पीएस. यंदा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. सेशनभर ऑइल किती तापतं, आणि ते एका आकड्यावर स्थिर होतं का?

या गाडीच्या डॅशवर तापमानाचा काटाच नाही. इंजिन गार असलं की निळा दिवा, फार तापलं की लाल, आणि तोही पाण्यासाठी. ऑइलसाठी फक्त प्रेशरची बत्ती. ट्रॅकवर ती पेटेपर्यंत बेअरिंगचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून फिल्टर आणि ब्लॉकच्या मध्ये सँडविच प्लेट बसवून तापमान आणि प्रेशर अशी दोन गेज लावली. होंडाच्या फिल्टरचे आटे एम20 बाय 1.5, त्यामुळे प्लेट सहज मिळते. जपायचं ते सेन्सरच्या आट्यांना. बऱ्याच प्लेटवर 1/8 एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे) असतात आणि जपानी सेन्सरवर 1/8 पीटी (जपानी पाइपचे). दिसायला दोन्ही सारखेच, हाताने एक-दोन फेरे बसतातही. पण एकाचे इंचाला 27 आटे, दुसऱ्याचे 28. पान्याने रेटलं तर अ‍ॅल्युमिनियमची प्लेट चिरते, नाहीतर तिथून ऑइल पाझरत राहतं. अ‍ॅडॉप्टर स्वस्त आहे, तोच घ्या.

कारीचा ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा. वळणं एकाला लागून एक, माझी गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम सतत वर आणि वेग मात्र बेताचा. ऑइल तापतं ते मुख्यतः आरपीएमने: बेअरिंगच्या फटीत ते घासलं जातं, पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णताही उचलतं. गार होण्यासाठी लागणारा वारा मात्र वेगाने मिळतो. बुद्ध सर्किटच्या किलोमीटरहून लांब स्ट्रेटवर निदान हवा तरी भरपूर लागते, कारीवर तेही नाही. पावसाळ्यात पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा थोडा हात देतो, पण त्याच्या भरवशावर इंजिन सोडता येत नाही.

पहिले आकडे असे. पाणी ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या संगणकातून वाचलेल्या आकड्यात, 96 अंशांच्या आसपास येऊन थांबलं. ऑइल मात्र थांबेना. दोन लॅपमध्ये 110, मग 120, मग 130, आणि सेशनच्या शेवटी 139, तेव्हाही काटा चढतच होता. पाणी ठीक म्हणजे इंजिन ठीक, हा समज इथे मोडतो. पाण्याला रेडिएटर आहे, पंखा आहे. या इंजिनात ऑइलला फक्त संप, म्हणजे खालची ऑइलची टाकी, आणि ऑइल तेही साडेतीन लिटरच.

आता ऑइलच्या ग्रेडबद्दल, म्हणजे ते किती जाड त्याबद्दल, सविस्तर, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नुसतं तापमान बघून काहीच ठरवता येत नाही. त्या तापमानाला ऑइलची फिल्म किती जाड उरते, हा खरा प्रश्न. एसएईच्या मानकात 150 अंशांना, जोराच्या घर्षणाखाली मोजलेली व्हिस्कॉसिटी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. 20 ग्रेडला ती किमान 2.6 मिलिपास्कल-सेकंद, 30 ला 2.9, आणि 5डब्ल्यू-40 ला 3.5. रस्त्यावर मी 0डब्ल्यू-20 वापरतो आणि तिथे ते उत्तमच आहे. ट्रॅकसाठी पूर्ण सिंथेटिक 5डब्ल्यू-40 भरलं. तापमान कमी झालं नाही, उलट दोनेक अंशांनी वाढलं, कारण जाड ऑइल घासताना जास्त तापतं. पण 6000 आरपीएमला गरम इंजिनचं प्रेशर 50 पीएसआयच्या खालून 60 च्या वर गेलं. दर हजार आरपीएमला 10 पीएसआय, हा जुना अंदाज माझ्या कामाला पुरतो. गेजवरचा आकडा वाढला, तरी इंजिन आधीपेक्षा सुरक्षित आहे. म्हणून सांगतो, दोन्ही गेज लावा. एकच परवडत असेल तर प्रेशरचं.

त्यानंतर कूलर, म्हणजे ऑइलसाठी छोटा रेडिएटर. 13 रो (ऑइलच्या 13 ओळी), थर्मोस्टॅटची प्लेट (ऑइल गार असेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवते), एएन-10 मापाची होज. थर्मोस्टॅटशिवाय कूलर लावूच नये असं माझं ठाम मत आहे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ऑइल 80 ला पोचायला आधीच वेळ लागतो, आणि गार ऑइलवर इंजिन ताणणं वाईटच. नुसता कूलर बंपरमागे बसवल्यावर 139 चे 131 झाले. एवढ्या खर्चात फक्त आठ अंश!

खरा फरक पडला तो पत्र्याच्या कामाने. हवा नेहमी सोपी वाट धरते. कूलरच्या बाजूने बोटभर फट असली तरी ती जाळीतून न जाता फटीतून निघून जाते. डाव्या फॉगलॅम्पची जागा मोकळी करून तिथून कूलरपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा डक्ट, म्हणजे हवेची नळी, केला. तोंड लहान, पुढे हळूहळू रुंद होत जाणारा, कडांना चारही बाजूंनी फोम. मागची हवा बाहेर पडावी म्हणून चाकाच्या लायनरला खिडकी कापून जाळी लावली. ही खिडकी होईपर्यंत डक्टचा म्हणावा तसा उपयोग नव्हता, ती झाल्यावर आकडा 121 वर येऊन थांबला. कूलर तोच, दुपारही साधारण तेवढ्याच उन्हाची. 121 पेक्षा मला आनंद आहे तो थांबण्याचा.

चालवण्यानेही फरक पडतो. 6800 ऐवजी 6200 ला गिअर टाकला तर तीन-चार लॅपमध्ये पाच अंश उतरतात, आणि कारीवर वेळ फारसा जात नाही. 130 दिसलं की मी एक लॅप वरच्या गिअरमध्ये, आरपीएम खाली ठेवून काढतो. पिटमध्ये येऊन लगेच इंजिन बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

लेव्हलचं एक. कूलर आणि होज भरल्यावर ऑइल जास्त लागतं. इंजिन चालवून, थर्मोस्टॅट उघडू देऊन, मग डिपस्टिक बघा. कारीच्या लांब वळणात ऑइल एका बाजूला सरतं, म्हणून मी लेव्हल वरच्या खुणेलाच ठेवतो. होज कुठे घासते का, हे प्रत्येक सेशननंतर हात फिरवून बघतो. फुटली तर आपलं इंजिन जातंच, पण मागून येणाऱ्याच्या टायरखाली आपलं ऑइल येतं.

पुढचं काम: कूलरच्या जाणाऱ्या आणि परतीच्या होजवर एकेक सेन्सर. दोन्हींतला फरक कळला की डक्टचं तोंड अजून लहान करता येईल का ते ठरवता येईल. तोपर्यंत चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईला जाऊन लांब ट्रॅकवरचे आकडे घ्यायचे आहेत.