पहाटे पाच वाजताचे पांघरूण

दसरा झाला की आमच्याकडे पेटीतील पांघरुणे गच्चीवर उन्हात टाकली जातात आणि त्याच दिवशी मुलांना आडवे करून मागच्या वर्षीचे पांघरूण कुठवर पोहोचते, हे पाहिले जाते. यंदा आठ वर्षांच्या मुलीची पावले चांगली वीतभर बाहेर आली आणि चार वर्षांच्या धाकट्याने ताईचे जुने पांघरूण घेण्यास साफ नकार दिला, त्यामुळे खरेदी करणे भागच पडले. या वेळी मात्र मी तीन वर्षांपूर्वीची चूक केली नाही.

तेव्हा रविवार पेठेतील एका दुकानातून मी मुलीसाठी मिंकचे ब्लँकेट आणले होते. मी त्यावर तळहात फिरवला, तिने गाल टेकवला, त्यावरचे हरीण तिला आवडले आणि आमची निवड तेवढ्यावरच झाली. घरी येऊन वजन केले तर ते साडेचार किलो भरले. रात्री दहाला ते अंगावर घातले की अर्ध्या तासात तिच्या कपाळावर घाम येई, मग झोपेतच लाथ बसून हरीण पलंगाखाली जाई आणि पहाटे पाचला मी पाहावे तर पोरगी पोटाशी पाय घेऊन उघडीच पडलेली असे. पुढे ते धुण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या मशीनचे दारसुद्धा लागेना. बादलीत तुडवून धुतलेले ते ब्लँकेट वाळायला तीन दिवस लागले.

दोष ब्लँकेटचा नव्हता, पुण्याची थंडी मीच नीट ओळखली नव्हती. डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारी पारा ३० अंशांच्या जवळपास असतो आणि पहाटे तो १०-१२ पर्यंत उतरतो. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश तापमान नोंदले गेले होते, पण तशा थंडीसाठी कोणी दरवर्षी खरेदी करत नाही. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात, म्हणून मूल झोपते तेव्हा खोली उबदार असते आणि खरा गारठा सुरू होतो तो आपण सगळे गाढ झोपल्यावर. त्यातही पाषाणचा गारठा वेगळा आणि मगरपट्ट्याचा वेगळा. माझी नणंद मगरपट्ट्याला राहते आणि ज्या रात्री आम्ही खिडक्या लावून बसतो, त्या रात्री तिच्याकडे पंखा चालू असतो. दुकानात भर दुपारी हाताला जे मऊ लागते, त्यावरून पहाटे पाचचा अंदाज कसा येणार?

पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही, ते अंगाभोवतीची हवा अडवून धरते. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणे बरी पडतात, कारण दोहोंच्या मध्येही हवेचा एक थर अडकतो आणि शिवाय वरचे पांघरूण केव्हाही काढता किंवा घालता येते. आमच्याकडे आता झोपताना मलमलीची दोहर आणि पायथ्याशी घडी करून ठेवलेली सोलापुरी चादर असते. माझी झोप चाळवली की मी ती वर ओढते. सोलापुरी चादर नवी असताना थोडी खरखरीत लागते, म्हणून ती दोनदा धुऊनच मुलांना द्यावी. सुती असल्याने ती घाम टिपते. फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्याचे मऊ पांघरूण, हलके असते, चटकन वाळते, पण घाम टिपत नाही, काही धुण्यांनंतर त्यावर गोळे येतात आणि कोरड्या हवेत अंधारात ओढले की ठिणग्या चमकतात. मुलीला त्याच ठिणग्यांचे अप्रूप असल्यामुळे एक फ्लीस घरात आलेच. घोंगडी उबदार खरी, पण ती मुलांच्या कातडीला टोचते. ती गादीवर, चादरीच्या खाली अंथरावी.

धाकट्याचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. माझी बाजारातली यादी ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, पेटीच्या तळाशी गोधडी आहे ना, ती काढ आधी." त्यांच्या आईच्या नऊवारी लुगड्यांची ही गोधडी आहे, बारीक धावदोऱ्याने भरलेली, एका कोपऱ्यात जांभळा काठ मुद्दाम वर ठेवलेली. तो काठ अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळत आमचा धाकटा झोपतो. त्याचे अंथरूण अजून अधूनमधून ओले होते, तेव्हा सकाळी धुतलेली गोधडी डिसेंबरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत वाळते, ही सोय मला फार मोलाची वाटते. दोघांना मिळून एकच मोठे पांघरूण देण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. आम्ही पडलो होतो आणि मध्यरात्री न्यायनिवाडा करावा लागला होता.

वर्षाच्या आतील बाळाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अंथरुणात सुटे पांघरूण, उशी असे काहीच ठेवू नये, कारण ते तोंडावर आले तर बाळाला बाजूला सारता येत नाही आणि श्वास कोंडू शकतो. त्याला कपड्यांचा एखादा थर वाढवावा किंवा अंगात घालायची झोपण्याची पिशवी वापरावी. हातपाय गार लागले म्हणून बाळ गारठले असे नसते. मानेमागे किंवा छातीला हात लावून पाहावे. पेटीत डांबराच्या गोळ्या घालण्याची सवयही मी सोडली आहे. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने फुटू शकतात, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून आम्ही वेखंड आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो.

हरणाचे ब्लँकेट आता पाहुण्यांच्या खोलीत असते. मगरपट्ट्याची नणंद थंडीत मुक्कामाला आली की रात्री "एवढे जड कशाला, वहिनी?" म्हणून ते बाजूला ठेवते आणि पहाटे हरीण हनुवटीपर्यंत ओढून झोपलेली असते.