अकरा महिने लाल वाटेने

माझ्या मुलीची कार सीट मी स्वतः बसवली होती आणि ती अकरा महिने चुकीची होती. कळलं ते सीटवर दूध सांडलं म्हणून. धुवायला कव्हर काढलं, तर प्लास्टिकवर गाडीचा पट्टा जाण्याच्या दोन वाटा रंगवलेल्या: मागे तोंड करून बसणाऱ्या बाळासाठी निळी, पुढे तोंड करून बसणाऱ्यासाठी लाल. माझं बाळ मागे तोंड करून बसायचं आणि पट्टा होता लाल वाटेतून. दिसायला सगळं झकास!

तेव्हापासून ओळखीत कुणाकडे बाळ यायचं असलं की मला बोलावणं येतं. जाताना साडेतीन किलो वाळू भरलेली कापडी बाहुली नेते. माझी अट एकच, मी सीटला हात लावणार नाही. आईबाबांनी बसवायची, काढायची, परत बसवायची. तीनदा. मीच बसवून दिली, तर पहिल्यांदा धुवायला काढतील तेव्हा पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

परवाच्या जोडप्याच्या बाळाला यायला तीन आठवडे होते. बाबाने गुडघा सीटमध्ये रोवून पट्टा ओढला, घाम पुसला आणि म्हणाला, "ताई, आता हत्तीनं ओढली तरी हलायची नाही." मग त्याने सीट वर डोक्याकडे धरून हलवली. तिथे ती थोडी हलणारच. पट्टा सीटमधून जातो तिथे धरायचं आणि आपल्या कमजोर हाताने हलवायचं. अडीच सेंटीमीटरच्या आत हलली तर ठीक. त्याची सीट चांगली चार बोटं सरकली. कारण शोधण्यात वीस मिनिटं गेली. काही गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की लॉक होतो, काही सीटना स्वतःचं लॉक असतं. ह्याच्या सीटचं लॉक कव्हरच्या कडेखाली उघडंच पडलं होतं.

"आयसोफिक्सही लावतो, म्हणजे डबल पक्कं," असं तो म्हणालाच. बहुतेक सगळे म्हणतात. आयसोफिक्स म्हणजे पट्ट्याऐवजी गाडीतल्या धातूच्या कड्यांत सीट अडकवायची सोय. पुस्तिकेत परवानगी असेल तरच दोन्ही लावायचं; नाहीतर एक निवडायचं.

मग कोन. नवजात बाळाचं डोकं जड, मानेत जोर नाही. सीट फार उभी असली तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. म्हणून सीटच्या कडेला एक रेषा असते, ती जमिनीला समांतर हवी. यांची रेषा अगदी बरोबर होती, पण गाडी उभी होती उतारावर! सपाटीवर आणली आणि सगळं बिघडलं. सीट पुन्हा काढली. बाबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरातल्या आजी खिडकीतून बघत होत्या. "एवढा खटाटोप कशाला? मी मांडीवर घेईन की." मी हिशेब सांगितला. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी आदळून थांबणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून पडण्याइतकं. धक्का वजनाच्या वीसपट धरला, तरी पाच किलोचं बाळ त्या क्षणी हातांना शंभर किलोचं होतं. आजी काही बोलल्या नाहीत, पण चप्पल घालून खाली आल्या.

"पण मागे तोंड का? बाळाला काही दिसत नाही," हा पुढचा प्रश्न त्यांचाच. बाळाच्या लांबीचा जवळजवळ चौथा भाग डोकंच असतं आणि मानेचे मणके अजून पुरते जुळलेले नसतात. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान, डोकं सगळं सीटच्या कवचात एकदम दाबलं जातं. मान एकटी झटका खात नाही. स्वीडनच्या बर्टिल अल्डमन यांना १९६० च्या दशकात ही कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. युरोपच्या कार सीटसाठीच्या आर-१२९ नियमात १५ महिन्यांपर्यंत ही सक्ती आहे. मी म्हणते, सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत तसंच बसवा. आणि समोर चालू एअरबॅग असेल, तर तिथे अशी सीट अजिबात नको.

बाहुलीचं काम शेवटी. तिला जाड जॅकेट घालून हार्नेस, म्हणजे बाळाला बांधायचे सीटचे पट्टे, आवळायला लावला. मग जॅकेट काढून पट्टे तसेच ठेवून पुन्हा बसवली, तर खांद्यापाशी माझा अख्खा पंजा आत गेला. जॅकेटशिवाय आवळायचं, खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता येता कामा नये, आणि पांघरूण वरून.

तिसऱ्या खेपेला सीट बाळाच्या आईने बसवली. आठवा महिना संपलेला, तरी चार मिनिटांत. नवरा मोबाईलचा उजेड धरून उभा. निघताना मी बाहुली मागितली, तर म्हणाली, "आठवडाभर राहू दे ना ताई. ह्याला अजून सराव हवाय."