मॉन्स्टर हंटर वर्ल्ड: नवख्याला सोबत घेताना अडतं ते कटसीनपाशी

मॉन्स्टर हंटर ही राक्षसी प्राण्यांच्या शिकारीची व्हिडिओ गेम मालिका २००४ पासून चालू आहे आणि २०१८ चा 'वर्ल्ड' हा नव्या माणसासाठी त्यातला सोपा दरवाजा, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. अजूनही सांगतो. फक्त त्या दाराची कडी कुठे अडकते, तेही आता सोबतच सांगतो.

गेम घेण्याआधी दोघांची मशीन एकच आहे ना, ते बघा. एक प्लेस्टेशनवर आणि दुसरा पीसीवर असेल तर वर्ल्डमध्ये भेट नाही. कॅरेक्टर बनवणं, सुरुवातीची पळापळ, सेशनचं, म्हणजे एकत्र खेळायच्या ऑनलाइन खोलीचं आमंत्रण, हे सगळं विनासायास होतं. एका सेशनमध्ये १६ जण मावतात, शिकारीला चौघे.

आता खरी डोकेदुखी. कथेतल्या क्वेस्टमध्ये, म्हणजे मोहिमेत, नवा मॉन्स्टर पहिल्यांदा समोर येतो तेव्हा कटसीन लागतं, खेळ थांबवून दाखवलेला छोटा प्रसंग. क्वेस्ट लावणाऱ्याने ते पाहिलेलं नसेल तर तोवर कुणालाही आत येता येत नाही. मदतीला इतर खेळाडू बोलावणारा एसओएस फ्लेअर आधीच उडवून ठेवला तरी कटसीन होईपर्यंत कुणी येत नाही. म्हणजे ज्याला सोबत हवी म्हणून गेम घ्यायला लावला, त्यालाच जंगलात एकट्याने पायाचे ठसे हुंगत फिरावं लागतं. आपण तोवर क्वेस्टच्या बोर्डापाशी उभे, दर अर्ध्या मिनिटाला 'जॉइन' दाबत. हे ज्याने ठरवलं त्याने मित्रासोबत कधी गेम खेळला असेल असं मला वाटत नाही.

यातून वाट अशी. तुमची कथा पूर्ण झालेली असेल तर फक्त नवख्याने क्वेस्ट लावायची, मॉन्स्टर शोधायचा आणि कटसीन संपताच तुम्हाला हाक मारायची. तोवर त्याने अंगावर जाऊ नये, झाडीत बसून राहावं. तीनदा बेशुद्ध पडलं की क्वेस्ट फसते आणि तुम्ही पोहोचेपर्यंत दोन संपलेले असतात. हे तीन सगळ्यांचे मिळून मोजले जातात, प्रत्येकाचे वेगळे नाहीत.

दोघेही नवे असतील तर दोघांनी तीच क्वेस्ट आपापली लावायची, दोघांनी आपापलं कटसीन बघायचं, मग एकाने बाहेर पडून दुसऱ्याच्या क्वेस्टमध्ये शिरायचं. शिकार झाली की दोघांचीही कथा पुढे सरकते. बाहेर कोण पडणार हे आधीच ठरवा, नाहीतर दोघेही बाहेर पडतात. आणि मधले काही भाग एकट्यानेच फिरायचे असतात, तिथे कुठलीच युक्ती चालत नाही. त्या वेळात चहा टाका.

हत्यारं १४ आहेत. नवखा 'सगळ्यात जास्त डॅमेज कशाचा?' विचारतो. उत्तर देऊ नका, त्याला गेममधल्या त्याच्या खोलीतून ट्रेनिंग एरियात पाठवा. ढाल-तलवार सुरुवातीला बरी, कारण हत्यार हातात असतानाच औषध पिता येतं. गेममधल्या सामानाच्या पेटीत फुकट मिळणारं डिफेंडर हत्यार आणि गार्डियन चिलखत हे आइसबोर्नपर्यंत, म्हणजे वर्ल्डच्या पुढच्या विस्तारापर्यंत, धावत जायचं असेल त्यांच्यासाठी. ते घातलं की मॉन्स्टर इतक्या लवकर पडतात की वार चुकवायला शिकायची वेळच येत नाही, आणि पुढे आइसबोर्नमध्ये ते उघडं पडतं. माझं मत, पेटीतच राहू द्या.

वार टणकन उलटू लागला तर हत्यार बोथट झालंय, धार लावा. वर्ल्डमध्ये धारेचा दगड संपत नाही, तरी नवखे काटकसर करतात.

नकाशावर मॉन्स्टरच्या चिन्हापाशी कवटी दिसली की सापळा आणि गुंगी आणणारे दोन ट्रँक बॉम्ब, पकडला. मारलात तर सोलायला एकच मिनिट मिळतं, तेव्हा आधी सोला, फोटो नंतर.

हो, आणि मध! पोशन (जखम भरणारं औषध) १०, मेगा पोशन १० याच्या वर बॅगेत मध १० ठेवायला सांगा. पोशनमध्ये मध घातलं की मैदानातच मेगा पोशन तयार होतं. निघण्याआधी कँटीनमध्ये जेवायलाही सांगा, उपाशीपोटी गेलेला नवखा पहिला बेशुद्ध पडतो.