तुम्ही विचारलंत म्हणून: शाश्वत डिझाइन मी कुठे शिकले?

इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टचा विषय ठरवायला नाशिकला आमच्या घरी येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर एकच आहे: निफाड तालुक्यातल्या एका कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये.

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षी आमचा चौघांचा गट होता. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव बघत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडा थोडा लासलगावच्या बाजारात निघतो. मधल्या काळात तो सडतो, त्याला कोंब येतात, वजन घटतं. हे कमी करायचं म्हणून आम्ही सोलर पॅनेल, बॅटरी, पंखा आणि ढिगात तापमान मोजणारा सेन्सर बसवला. पारा 30 अंशांच्या वर गेला की पंखा सुरू. मेमध्ये तोंडी परीक्षा झाली, मार्कही चांगले पडले.

चाळ भरून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते! आमचं यंत्र तपासलं गेलं कोरड्या उन्हात आणि कांद्याचे हाल सुरू होतात ते पाऊस लागल्यावर. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सामान आवरताना चाळीच्या मालकांनी, काकांनी, मात्र विचारलं, "पोरांनो, हे बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?" त्या एका प्रश्नापायी चौघांपैकी आम्ही दोघी पावसाळाभर रविवार आड गाडी काढून निफाड गाठत राहिलो.

जुलैत काकूंनी माझ्या हातात दोन कांदे दिले, एक पंख्याजवळचा, एक लांबचा. लांबचा चोळला तर पापुद्रा करकर वाजला. पंख्याजवळचा वाजेचना. साल ओलसर, मानेपाशी काळी बुरशी. अशा साठवणीत कांद्याला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते, पावसाळी हवा त्याहून कितीतरी ओली. कांदा श्वास घेतो म्हणून ढीग आतून तापतो. तो तापला की सेन्सर पंखा लावायचा आणि पंखा बाहेरची ओल आत लोटायचा. आम्ही तापमान मोजलं, ओल मोजलीच नाही. काकूंना ती बोटांना कळत होती. त्याच दिवशी पंखा उतरवला.

पुढच्या हंगामात चाळीची एक बाजू नव्याने बांधली. ढीग चार फूट रुंद, उंची पाच फुटांच्या आत, तळ जमिनीपासून दोन फूट वर, पावसाच्या अंगाला वरखाली करता येणारा पडदा. यातलं बरंचसं चाळी बांधणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतंच. आमची भर एवढीच, की रिकाम्या चाळीत उदबत्त्या लावून धूर कुठे अडतो ते पाहिलं आणि तिथल्या बांबूच्या पट्ट्या विरळ केल्या. पट्टी मोडली तर काका स्वतःच बदलतात, फोन कुणालाच करावा लागत नाही.

म्हणून आता मुलं आली की मी आधी सबमिशनची तारीख विचारते आणि लगेच दुसरी: ज्यांच्यासाठी करताय, त्यांचं नुकसान कोणत्या महिन्यात होतं? यंदाच्या गटाच्या दोन तारखांत चार महिन्यांचं अंतर निघालं. त्या चार महिन्यांत कोण कधी जाणार, ते त्यांच्याकडून लिहून मागितलंय.