सी एच म्हणजे चंदीगड?

नाशकात शिरून तास झाला नव्हता, तोवर दोघांनी विचारलं, "कोल्हापूरचे का?" पेट्रोल पंपावरच्या पोरानं नंबरप्लेट वाचली असणार. इथं जिकडंतिकडं एमएच-१५, त्यात आमची एमएच-०९. दुसरा मिसळवाला. मी पावाऐवजी ब्रेड मागितला, तेवढ्यावरनं त्यानं गाव ओळखलं. (मिसळीबरोबर पापड आणि दही आलं. चांगली होती. कटाबद्दल बोलत नाही, भांडणं होतात.)

आमची ही गत, तर पांडवलेणीच्या पायथ्याशी उभी असलेली ती गाडी काय लपणार!

टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा उंच, रंग वाळूचा. टपावर फावडं, मागं दोन स्टेपन्या, खिडक्यांना पडदे. ना बंपरला लिंबू-मिरची, ना काचेवर 'आईचा आशीर्वाद'. मागच्या दारावर पांढरा लंबगोल स्टिकर, त्यावर दोनच अक्षरं: सी एच. सरबतवाल्या मावशींनी निकाल देऊन टाकला होता, "चंदीगडची गाडी. मिलिट्रीवाले असतील."

मावशींचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? आपल्याकडं सी एच म्हणजे चंदीगडच. पण ही होती स्वित्झर्लंडची. त्या देशात भाषा चार, मग एकीची बाजू घ्यायला नको म्हणून देशाचं लॅटिन नाव वापरतात, कन्फेडेराशियो हेल्वेटिका. त्याचं सी एच. मी हे सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "असंल. पण चाकाला ते काय लावलंय बघा."

वाकून बघितलं. उतारावर गाडी लावली की आपण चाकामागं दगड सरकवतो. यांनी पिवळ्या प्लॅस्टिकच्या दोन पाचरी लावल्या होत्या, पुन्हा त्यांना दोरी, म्हणजे हरवायला नकोत. "स्वित्झर्लंडात दगड नाहीत व्हय?" मावशींचा प्रश्न. आल्प्सचा विषय मी काढला नाही.

शेजारचे रिक्षावाले काका वेगळंच सांगत होते. "पाथर्डी फाट्यापासनं यांच्या मागं होतो. एकदा हॉर्न नाही वाजवला. तेव्हाच म्हटलं, हे लांबचं पाखरू." नंबरप्लेट नाही, स्टिअरिंग नाही, गोरा रंग नाही, माणसानं न वाजलेला हॉर्न टिपला होता.

पायऱ्या चढून वर गेलो. एकूण २४ लेणी, पण मला बघायचं होतं १७ नंबरचं. तिथल्या ब्राह्मी लेखात दान देणारा आपली ओळख देतो: इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, यवन (त्या काळी म्हणजे ग्रीक), उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा. आईवडिलांसाठी लेणं खोदवलं, सोबत मुलगा धम्मरक्खित. स्वतःचं, बापाचं, पोराचं, तिन्ही नावं इथली. भाषा प्राकृत. हा गृहस्थ त्या काळच्या नाशकात सहज खपून गेला असता. तरी त्यानं 'यवन' आणि गावाचं नाव दगडात कोरून घेतलं. नसतं कोरलं तर आज कुणाला पत्ताही लागला नसता. त्याचा तो सी एचचा स्टिकरच की, असं बायकोला म्हटलं. ती म्हणाली, आधी पाणी दे.

खाली आलो तेव्हा स्विस जोडपं निघायच्या तयारीत होतं. बाईंनी पाचरी काढल्या, फडक्यानं पुसल्या, पेटीत ठेवल्या. मग दोघं आत बसले आणि गाडी हळूच वळून रस्त्याला लागली, अर्थातच हॉर्न न देता.

आमचा आठ वर्षांचा भाचा एकदम किंचाळला, "मामा, ती बाई गाडी चालवताना पुस्तक वाचतेय!"

उजव्या सीटवर बाई खरंच निवांत पुस्तक उघडून बसल्या होत्या. रिक्षावाले काका कपाळाला हात लावून हसायला लागले. मावशी मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होत्या.